चित्रकला येते, यूएक्समध्ये जायचंय : सुरुवात कुठून करायची

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला चांगली ग्रेड, फळा सजवायचा असला की तुम्हालाच हाक, गल्लीतल्या मंडळाचं बॅनर तुम्हीच केलेलं, आणि पुढे अप्लाइड आर्टला गेलात किंवा घरच्यांनी जाऊ दिलं नाही म्हणून बीकॉम-बीसीए करताय, आणि आता कुठूनतरी यूएक्स (युजर एक्सपीरियन्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव) डिझाइन हा शब्द कानावर आलाय. त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी सांगली जिल्ह्यातली, कोल्हापुरात अप्लाइड आर्ट केलं, दोन वर्षं एका प्रेसवर कोरलड्रॉमध्ये लग्नपत्रिका आणि बिलबुकं लावली, आणि आता सात वर्षं पुण्यात यूएक्सचं काम करतेय. मला कुणी हे क्रमाने सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिलं दीड वर्ष फार वाया गेलं. तुमचं जाऊ नये असं मनापासून वाटतं.

आधी हे काम काय आहे ते

घरातलं कालनिर्णय आठवा. १९७३ पासून निघतंय, आणि त्यातल्या तारखेच्या चौकटीत आपल्या घरोघरी काय लिहिलेलं असतं? दूध दीड लिटर, सिलेंडर लावला, कामवाली आली नाही. छापणाऱ्याने तिथे तिथी-नक्षत्र दिलं, पण लोकांनी त्या चौकटीची वही केली, आणि ती चौकट तेवढी मोकळी आहे म्हणूनच ते जमतं. माणूस एखादी वस्तू खरंच कशी वापरतो हे बघायचं आणि त्याप्रमाणे ती वस्तू घडवायची, एवढंच यूएक्स. हा शब्द रूढ केला डॉन नॉर्मन यांनी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲपलमध्ये असताना, आणि त्यांचा अभ्यास मानसशास्त्रातला होता हे लक्षात ठेवा.

यूआय (युजर इंटरफेस) म्हणजे स्क्रीन दिसते कशी, रंग, अक्षरं, बटणं, जागा. यूएक्समध्ये तेही येतं पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं बरंच येतं. साधं उदाहरण घ्या, यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि आज भाजीवाल्या मावशींकडेही कोड लावलेला असतो, पण पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायलाच लागतो, ही गोष्ट किती जणांना नीट माहीत नसते आणि त्याच जोरावर किती जणांना फसवलं गेलं. पिन टाकायच्या स्क्रीनवर तुमच्या खात्यातून पैसे जाणार आहेत हे किती मोठ्या अक्षरात, कुठल्या शब्दांत सांगायचं, हा प्रश्न यूएक्सचा.

तुमच्याकडे काय आहे आणि काय सोडायचंय

आर्टवाल्यांना वाटतं की इंजिनिअरिंगची मुलं आपल्या पुढे असणार. तसं मला कधी दिसलं नाही. कागदावर जागा कशी वाटायची, नजर आधी कुठे जाते, कुठलं अक्षर जड आणि कुठलं हलकं, हे तुमच्या हातात आलेलं असतं, दुसऱ्यांना ते शिकायला वर्षं जातात. प्रेसवर काम केलेल्यांकडे आणखी एक गोष्ट असते, गिऱ्हाईकाचं ऐकून घ्यायची सवय.

सोडायचं काय, तर आपली सही. चित्रात आपली शैली दिसावी यासाठी आपण वर्षानुवर्षं झटतो आणि इथे मात्र लोकांना तुमचं काम जाणवलंही नाही तर ते चांगलं झालं. हे मला पचायला वेळ लागला, तुम्हालाही लागेल, लागू दे.

पहिला प्रोजेक्ट: घराजवळचा घ्या

नवीन मुलं हमखास एखादं प्रसिद्ध ॲप घेतात, जेवण मागवायचं किंवा टॅक्सीचं, आणि त्याचे रंग बदलून रिडिझाइन म्हणून टाकतात. करू नका असं मी स्पष्ट सांगते. त्या ॲपमागे काय अडचणी आहेत हे तुम्हाला बाहेरून कळत नाही, आणि मुलाखत घेणाऱ्याने तसले शेकडो बघितलेले असतात. त्यापेक्षा जिथे तुम्ही स्वतः जाऊन उभे राहू शकता असं काहीतरी घ्या. दवाखान्यातला नंबर, गावातल्या वाचनालयाची नोंद, मेसचं खाडं, सोसायटीचं पाण्याच्या टँकरचं गणित.

मी घेतलं होतं डेअरीची पावती. माझी आत्या दोन म्हशी आणि एक गाय सांभाळते, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालते, आणि तिथे मिळणाऱ्या चिठ्ठीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम असं बारीक छापलेलं असतं. दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातून पेंडीचे पैसे कापतात. ती चिठ्ठी फोनवर कशी दाखवायची, एवढाच प्रोजेक्ट.

मी काय केलं तर आधी घरी बसून स्क्रीन रंगवल्या. छान हिरवा रंग, म्हशीचं चित्र, फॅटचा आलेख, सकाळच्या दुधाला सूर्य आणि संध्याकाळच्या दुधाला चंद्र. मग आत्याला दाखवलं. ती चंद्राकडे बघून म्हणाली, "हे रात्रीचं काय गं? रात्री कोण दूध घालतंय?" आलेखाकडे तिने बघितलंच नाही. म्हशीच्या चित्रावर तीनदा बोट दाबलं कारण सगळ्यात मोठं तेच होतं, तिला वाटलं तिथे दाबलं की म्हशीचा हिशेब उघडेल, आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं, म्हशीचा आणि गाईचा हिशेब वेगळाच लागतो, दर वेगळा असतो.

मग मी उलटीकडून सुरुवात केली. पाच सकाळी डेअरीवर जाऊन नुसती उभी राहिले. तिथे कळलं की लोक एकमेकांना विचारतात "आज फॅट किती लागली?", कालच्यापेक्षा कमी लागली असेल तर लगेच काट्यापाशी बोलणं होतं, गाईच्या दुधाला साडेतीन फॅट-साडेआठ एसएनएफ हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ आहेत, आणि चिठ्ठी बऱ्याच जणांच्या खिशात भिजून जाते. आत्याला रोज खरंतर दोनच गोष्टी हव्या होत्या: आज फॅट कालच्यापेक्षा खाली आली का, आणि या दहा दिवसांत आतापर्यंत किती झाले आणि पेंडीचे किती कापणार. बाकी सगळं तिला लागेल तेव्हा उघडता आलं तरी चालणार होतं.

ही पायरी कशी करायची ते जरा सविस्तर सांगते कारण सगळं यावरच उभं आहे. चार-पाच माणसं निवडा, वेगवेगळ्या वयाची. परवानगी घेऊनच रेकॉर्ड करा, फोटो काढायचा तर विचारा, नाव कुठे छापणार नाही असं सांगा आणि ते पाळा. "तुम्हाला असं ॲप आवडेल का?" हा प्रश्न कधीच विचारू नका, आपली माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, सगळे हो म्हणतील. त्याऐवजी "कालची चिठ्ठी कुठे ठेवलीत, दाखवता का?", "मागच्या वेळी हिशेब चुकला तेव्हा काय केलं?" असे झालेल्या गोष्टीबद्दल विचारा. आणि बोलून झालं की गप्प बसा. दहा सेकंद गप्प राहिलात की समोरचा माणूस खरी गोष्ट सांगतो, चहा येईपर्यंत थांबलात तर अजून सांगतो. घरी आल्या आल्या त्याच दिवशी सगळं लिहून काढा, त्यांच्याच शब्दांत. ते "फॅट लागली" म्हणतात तर तुमच्या स्क्रीनवर "स्निग्धांश प्रमाण" यायला नको.

कागद, मग फिग्मा

मिळालेल्या माहितीतून एक वाक्य लिहा: कुणाला, कधी, काय करायचंय आणि कुठे अडतंय. मग साध्या वहीवर, फोनच्या आकाराच्या चौकटी पाडून, बॉलपेनने स्क्रीन काढा. रंग नको, शेडिंग नको. एका कामासाठी पहिल्या स्क्रीनपासून शेवटच्या स्क्रीनपर्यंत बाण काढत जा, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा की इथे नेट गेलं तर, चुकून दाबलं तर, अजून काहीच नोंद नसेल तर काय दिसेल. नवीन मुलांच्या कामात या तीन स्क्रीन जवळपास नेहमी नसतात, आणि खऱ्या वापरात माणूस तिथेच अडकतो. निदान तीन वेगवेगळ्या पद्धतीने काढा, पहिली कल्पना बहुतेक वेळा कुठेतरी बघितलेलीच असते.

त्यानंतर फिग्मा, म्हणजे स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. ब्राउझरमध्ये चालतं, सुरुवातीला फुकट वापरता येतं, विद्यार्थ्यांसाठी वेगळी मोफत सोय आहे, आणि ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर शिकण्यापुरतं व्यवस्थित होतं. मॅक घ्यायला कर्ज काढू नका. शिकायचा क्रम मी असा सांगेन: फ्रेम (स्क्रीनची चौकट), मग ऑटो लेआउट (मजकुराप्रमाणे आपोआप बदलणारी मांडणी), मग कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचे तयार भाग), मग प्रोटोटाइप (दाबून बघता येणारा नमुना). ऑटो लेआउटला दोन आठवडे द्या, तिथे कोरलड्रॉ-फोटोशॉपवाल्यांचा गोंधळ होतो कारण आपल्याला वस्तू हाताने उचलून ठेवायची सवय असते आणि इथे मात्र नियम सांगावा लागतो, मजकूर वाढला तर चौकट कशी वाढेल असा. तुम्हाला आवडणाऱ्या एका ॲपची एक स्क्रीन रोज जशीच्या तशी फिग्मात काढा, महिनाभर. कॉपी करताना अंतरं कळतात, आपण निसर्गचित्र करायला बाहेर जायचो तसंच हे.

काही आकडे पाठ ठेवा. बोटाने दाबायची जागा अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी, ॲपलच्या नियमात ४४ पॉइंट (डीपी आणि पॉइंट ही स्क्रीनवरच्या मापाची एककं). अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. माझी पहिली स्क्रीन फिक्या करड्या अक्षरांत होती, लॅपटॉपवर फार देखणी, आणि गोठ्यासमोर उन्हात काहीही दिसत नव्हतं, त्यात हात ओले. वस्तू वापरायला सोपी कशी करायची याचा अभ्यास करणारे याकोब नीलसन यांचे स्क्रीन तपासायचे १९९४ चे दहा नियम आहेत ते शोधून वाचा आणि प्रत्येक नियमाला आपल्या रोजच्या वापरातलं एक चांगलं आणि एक वाईट उदाहरण स्वतः लिहा, नुसते पाठ करून उपयोग नाही.

देवनागरी, इथे तुमचा हात वरचा आहे

याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. बरीच ॲप आधी इंग्रजीत होतात आणि मग शेवटच्या आठवड्यात कुणीतरी मराठी भरतं, आणि ते लगेच दिसतं. वेलांटी वरून कापलेली, खालचा उकार पुढच्या ओळीला चिकटलेला. देवनागरीला वर-खाली दोन्हीकडे जागा लागते म्हणून ओळीची उंची अक्षराच्या दीडपट किंवा थोडी जास्त ठेवून बघा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. आपल्याकडे इंग्रजीसारखी कॅपिटल-स्मॉल अक्षरं नाहीत, त्यामुळे मथळा उठून दिसायला आकार, वजन आणि रंग यांवरच भिस्त. मराठी ल आणि श ची वळणं हिंदीपेक्षा वेगळी, ती नीट येतात का बघा. फॉन्ट तपासायला मी "दुसऱ्या", "कुऱ्हाड", "ट्रॅक्टर", "ऑर्डर" असे शब्द टाकून बघते, यात जो फॉन्ट अडखळला तो बाद.

मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' (Mukta), किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट मोफत आहेत आणि फिग्मात मिळतात. आणि एक नाव आवर्जून वाचा, र. कृ. जोशी. जेजेमध्ये शिकलेले, जाहिरात क्षेत्रात काम केलेले, सुलेखनकार आणि कवी, पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसीत (तिथल्या डिझाइन विभागात) शिकवलं, आणि आपण वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर जो मंगल फॉन्ट बघत आलो तो त्यांनी केलेला. बोरू धरणारा हात स्क्रीनपर्यंत कसा पोचतो ते त्यांच्या कामात दिसतं, आणि मला अडचणीच्या दिवसांत त्याचा फार आधार वाटला होता.

शब्दांचंही बघा. लॉगिन, पासवर्ड, ओटीपी हे लोकांना कळतं, तिथे "परवलीचा शब्द" घालून अडवू नका. पण "प्रोसीड" किंवा "सबमिट" च्या जागी "पुढे जा", "बिल बघा", "पैसे पाठवा" असं नेमकं लिहा. मराठी शब्द इंग्रजीपेक्षा लांब होतात तेव्हा बटण त्याप्रमाणे वाढायला हवं, इथे पुन्हा ऑटो लेआउट.

दाखवा आणि बघा

प्रोटोटाइप फोनवर टाका आणि पुन्हा त्याच लोकांकडे जा, एक-दोन नवेही घ्या. पाच माणसांसोबत चाचणी घेतली की बहुतेक मोठ्या चुका सापडतात असं नीलसन यांनी २००० मध्ये मांडलं, आणि शिकण्यासाठी पाच पुरे आहेत. त्यांना काम सांगा, रस्ता सांगू नका: "मागच्या मंगळवारी संध्याकाळी फॅट किती लागली ते शोधा". मग हात मागे बांधून बसा. ते अडले की मदत करावीशी वाटते, करायची नाही, फक्त "काय शोधताय?" एवढं विचारायचं. चूक त्यांची नाही, या स्क्रीनची परीक्षा आहे, हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर आपल्याकडची मोठी माणसं "मला नाही बाबा जमत, मी अडाणी" म्हणून फोन परत देतात आणि ते ऐकून फार वाईट वाटतं.

त्यांच्याच फोनवर बघा. आत्याने फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली होती आणि तिथे माझी अख्खी मांडणी मोडली. लॅपटॉपसमोर बसून हे मला कधीच कळलं नसतं. शेवटी जी स्क्रीन झाली त्यात वर एक मोठा आकडा होता, दहा दिवसांचे आतापर्यंतचे रुपये, त्याखाली पेंडीची कपात, मग "सकाळ" आणि "संध्याकाळ" असे सरळ शब्द आणि फॅट खाली आली असेल तर बाणाबरोबर "कालपेक्षा कमी" असं लिहिलेलं. दिसायला पहिल्यापेक्षा साधी, आणि माझी पहिली नोकरी मला याच प्रोजेक्टवर मिळाली.

पोर्टफोलिओ, कोर्स, पैसे

पोर्टफोलिओत, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या कामाच्या संग्रहात, दोन, फार तर तीन प्रोजेक्ट पुरतात. प्रत्येकात काय अडचण होती, तुम्ही कुणाला भेटलात, आधी काय चुकलं, का बदललं, शेवटी काय झालं ते सांगा. वहीतल्या पानांचे फोटो लावा. ती सूर्य-चंद्राची चूक मी पोर्टफोलिओत तशीच ठेवली आणि प्रत्येक मुलाखतीत त्याबद्दल विचारलं गेलं. आधी मराठीत लिहा, विचार स्वच्छ होतो, मग सोप्या इंग्रजीत करा कारण अर्ज इंग्रजीतच जाणार. पोस्टर, सुलेखन असं जुनं काम असेल तर वेगळ्या पानावर ठेवा, टाकून देऊ नका.

कोर्सबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. गूगलचा यूएक्सचा कोर्स कोर्सेरा या ऑनलाइन साइटवर २०२१ पासून आहे, पाया म्हणून ठीक. आयडीसीने डीसोर्स नावाची साइट मोकळी ठेवलीय, त्यावर डिझाइनचं शिकण्यासारखं भरपूर आहे, तेही भारतातलं. पदवीच करायची असेल तर बारावीनंतर यूसीड, पदवीनंतर सीड, दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेतं, साधारण जानेवारीत असतात. आयडीसी १९६९ पासूनची संस्था, तिथे इंटरॅक्शन डिझाइनमध्ये एमडेस (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) करता येतं. अहमदाबादची एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९६१ ची, तिची प्रवेश परीक्षा वेगळी. जीडी आर्टवाल्यांसाठी सीडला अनुभवाची अट असते, ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचून घ्या. "तीन महिन्यांत नोकरीची हमी" म्हणणाऱ्या क्लासला लाख-दीड लाख भरण्याआधी तिथल्या मागच्या बॅचमधल्या चार मुलांना स्वतः फोन करा, क्लासने दिलेल्या नंबरवर नको, तुम्ही शोधलेल्या. रोज दोन तास मनापासून दिले तर पहिला प्रोजेक्ट नीट व्हायला तीन-चार महिने लागतात, हा माझा अंदाज बऱ्याच मुलांना शिकवून झालेला आहे.

एआयने स्क्रीन बनतात मग आम्ही कशाला, हेही विचारतात. बनतात, वापरा, वेळ वाचतो. पण चंद्र बघून आत्या काय म्हणेल हे डेअरीवर गेल्याशिवाय कळत नाही, आणि मुलाखतीत "हे असंच का केलं?" याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

नोकरी शोधताना

नावं वेगवेगळी दिसतील, यूआय-यूएक्स डिझायनर, प्रॉडक्ट डिझायनर, यूएक्स रिसर्चर, यूएक्स रायटर. लिहायची आवड असेल तर शेवटचं विसरू नका. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या मोठ्या कंपन्या आहेत, बाणेर-कोथरूडकडे छोटे स्टुडिओ आहेत. सुरुवातीला स्टुडिओत काम भराभर शिकायला मिळतं, मोठ्या कंपनीत पगार वेळेवर. मुलाखतीआधी असाइनमेंट देतात, ती किती तासांची आहे ते विचारून घ्या. मला एका ठिकाणी चार दिवसांचं काम करून घेतलं आणि नंतर फोनही उचलला नाही. आता मी मुलांना सांगते, सहा-आठ तासांच्या वर नाही, आणि कंपनीचंच चालू काम फुकटात मागत असतील तर नम्रपणे नाही म्हणा.

आणि एक, कामाला लागल्यावर कधीतरी कुणीतरी सांगेल की "नको" चं बटण फिकट कर, किंवा दहा रुपयांची देणगी आपोआप टिक करून ठेव. याला डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असे १३ प्रकार यादी करून मार्गदर्शक सूचना काढल्यात. ती यादी वाचून, छापून जवळ ठेवा, "मला पटत नाही" म्हणण्यापेक्षा "हे या यादीत बसतं" म्हणणं नवीन माणसाला सोपं जातं.

पहिले काही महिने बटणांचे रंग आणि आयकॉनचं कामच येईल. तेव्हा ऑफिसात कस्टमर सपोर्टची मंडळी कुठे बसतात ते शोधून काढा, त्यांच्या लीडला विचारून आठवड्यातून एक तास हेडफोन लावून लोकांचे कॉल ऐका आणि वहीत लिहा: माणूस काय शोधत होता, आपल्या बटणाला तो काय म्हणाला, आणि कुठल्या स्क्रीनवर वैतागून त्याने फोन केला.